बायडाबाईंची रानभाजी

बायडाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या विकलेली भाजी परत घेत होत्या. बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ओलं गोणपाट अंथरून त्या बसल्या होत्या. एका गृहस्थांच्या पिशवीतून घोळीची जुडी काढत त्या म्हणाल्या, "मुतखडा हाय म्हणता अन् घोळ नेता? समोरून दुधी न्या." गृहस्थ मुकाट्याने समोर गेले. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण इतक्या कमी शब्दांत कुणाला वळवणं मला क्वचितच जमलं.

त्या लोणी काळभोरच्या. मंगळवारी आणि शनिवारी पहिल्या बसने येतात. शेवग्याचा पाला घरामागच्या झाडाचा, घोळ बांधावरची, मेथी आणि जवस शेतातले. भाजी देताना ती कशी करायची तेही सांगतात. पाला वाफवायचा, तेल चमचाभरच, जवस भाजूनच कुटायचे.

माझे यजमान श्रीधर रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी कायमची लावली आणि पालेभाज्या वाढवायला सांगितल्या. श्रीधरनी लगेच अभ्यास सुरू केला. मेथीदाण्यातला चिकट तंतू आतड्यात पित्ताला धरून ठेवतो, त्यामुळे रक्तातलं कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. शेवग्याच्या पाल्यात अँटिऑक्सिडंट असतात. घोळीत आणि जवसात चांगली चरबी असते, असं ते जेवताना समजावून सांगत. बायडाबाईंकडे आम्ही नेमाने जाऊ लागलो. आठ महिन्यांनी रिपोर्ट छान आला.

पुढच्याच महिन्यात एका शनिवारी बायडाबाईंनी मला बाजूला बोलावलं.

"बाई, सरांनी गोळी बंद केलीया. तुम्हाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. निसर्गात तीच द्रव्यं मिळतात तर कारखान्यातली कशाला, असा हिशेब श्रीधरनी परस्पर केला होता आणि मोठ्या कौतुकाने तो बायडाबाईंना ऐकवला होता. बायडाबाईंनी त्यांच्यासाठी काढलेली जुडी गोणपाटाखाली सरकवून त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. मग त्यांनी मला आपल्या नवऱ्याचं, मच्छिंद्रांचं सांगितलं. मच्छिंद्रांनी पाल्याचा रस पिऊन बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी सोडली होती. चार महिन्यांत उजवी बाजू गेली.

"पाला चांगलाच हाय," त्या म्हणाल्या. "पण गोळीच्या जोडीला. तिच्या जागी न्हाय. सरांना भाजी पायजे असंल तर गोळीचं पाकीट दाखवायचं."

श्रीधर भडकले. भाजीवाली आता मला केमिस्ट्री शिकवणार का, असं म्हणून तीन आठवडे ते मार्केट यार्डातून पाला आणत राहिले. मी रक्ततपासणीची वेळ ठरवली. कोलेस्टेरॉल पुन्हा वर गेलं होतं. स्टेंट बसलेल्या माणसाने गोळी सोडणं म्हणजे काय, ते डॉक्टरांनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं.

शनिवारी ते स्वतःहून गल्लीच्या तोंडाशी गेले आणि शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे केलं. बायडाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी फुटलेल्या घरांवरून अंगठा फिरवला, गोळी कोणत्या वारापासून सुरू केली ते विचारलं आणि जुडी बाहेर काढली.

"आयुष्यभर हजेरी घेतली," श्रीधर मला म्हणाले, "आता द्यायची वेळ आली."

याला तीन वर्षं होत आली. श्रीधर रोज तळजाईची टेकडी चढतात, गोळी घेतात आणि पालाही खातात. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण ज्या दिवशी घरात कुणाला काही कळलं नव्हतं, त्या दिवशी एका बाईने गिऱ्हाईक तुटेल याची पर्वा केली नाही, हे मी विसरू शकत नाही. एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "पाला जास्त शिजवू नका."

लोणीला त्यांच्या घरी भाजीच्या जुड्या आता मच्छिंद्र बांधतात, डाव्या हाताने.