खर्जातले काका

निराश होण्याची कुठे स्पर्धा भरली असती, तर आपण तीही हरणार म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी नाव दिलं नसतं, आणि तरीही पहिलं बक्षीस त्यांनाच घरपोच आलं असतं. दोन हजार सालानंतर पुण्याहून जपानला गेलेल्या संगणकवाल्यांच्या लोंढ्यात मीही होतो. टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या इमारतीत सगळे तिशीच्या आतबाहेरचे; पन्नाशीचे काका तेवढे एकटेच. गाडी ठरल्या मिनिटाला स्टेशनात शिरली की ते म्हणत, "आज वेळेवर आली ना? म्हणजे उद्याचं काही खरं नाही." कचरा वेगळा करताना रिकाम्या बाटलीकडे बघून सुस्कारा सोडत, "हिला पुनर्जन्म आहे बघ. आपल्याला कुठला!" वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला गेलेला माणूस त्यांच्याकडून स्वतःचंच सांत्वन करून घेऊन परत येई.

अशा माणसाला आनंदाची गाणी गायला नेलं ते एका दातांच्या डॉक्टरांनी. तिकडे डॉक्टरांना सेन्सेई म्हणतात. हे म्हातारे जपानी सेन्सेई गॉस्पेलचे वेडे. अमेरिकेच्या दक्षिणेतली ही ख्रिस्ती भजनं; त्यातल्या एका प्रकारात चार पुरुष चार आवाजांत गातात, आणि त्यांच्या चौकडीला खर्जाचा माणूस मिळत नव्हता. दाढ काढताना काका असे काही खोल कण्हले की सेन्सेईंनी पकड बाजूला ठेवली आणि पुन्हा एकदा "आ" करायला लावलं. रविवारपासून तालीम सुरू. "स्वर्गाची गाणी आहेत, आणि मला तिथे घेतंय कोण?" असं कुरकुरत काका एकही तालीम चुकवत नसत.

सेंदाईला देशभरातल्या अशा मंडळ्यांचं संमेलन भरलं, तेव्हा मी श्रोता म्हणून गेलो. जांभळ्या झग्यांतल्या आज्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर सभागृह डोक्यावर घेतलं. ओकिनावाचा एक तरुण भावनेच्या भरात गुडघ्यांवर असा आदळला की उरलेलं गाणं त्याने तिथूनच म्हटलं. मग आमची चौकडी. तिघे हसतमुख, चौथे काका मर्तिकाला आल्यासारखे. गाणं होतं नदीपलीकडे आपली वाट पाहत थांबलेल्या माणसांचं. मुख्य आवाज सेन्सेईंचा. त्यांची बायको त्याच हिवाळ्यात गेली होती. दुसऱ्या कडव्यात ते मध्येच थांबले. दोघे साथीदार गोंधळून गप्प झाले. पियानो एकटाच पुढे चालला. मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

तेवढ्यात काकांनी खालून सूर उचलला. मुख्य आवाजाचे इंग्रजी शब्द त्यांना कुठले पाठ! त्यांनी सरळ मराठीच लावली: "थांब गं जरा, येतो मी... थांब गं जरा." डोळे मिटलेले, एक हात सेन्सेईंच्या पाठीवर. काकू गेल्यावरच काकांनी जपानचं कंत्राट घेतलं, हे आम्हाला ठाऊक होतं; त्यांच्या तोंडून मात्र तो विषय कधीच निघाला नव्हता. लोकांना ती अमेरिकेतलीच कुठलीशी जुनी बोली वाटली असावी, पण सगळं सभागृह उभं राहिलं. शेवटच्या ओळीला सेन्सेईही गाऊ लागले.

परतीच्या गाडीत सेन्सेईंनी मला त्या शब्दांचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी ते शब्द वहीत उतरवून घेतले. मी काकांना म्हटलं, "काय मनापासून गायलात!"

"साफ खोटं गायलो," काका म्हणाले. "पलीकडे कुणी थांबत नाही रे. पण त्या बिचाऱ्याला भर सभेत हे कसं सांगणार?"

पुढे मंदी आली, आणि कंत्राट संपलेल्यांत पहिलं नाव काकांचं. "मी म्हणालो नव्हतो?" एवढंच ते बोलले, भाकीत खरं ठरल्याचा नेहमीचा आनंदही चेहऱ्यावर नव्हता. विमानतळावर सेन्सेई कमरेत वाकले, ते काका दिसेनासे होईपर्यंत सरळ झाले नाहीत.

परवा पुण्याला फोन केला. विचारलं, "काका, गाता की नाही?"

"खर्ज एकट्याने गायचा नसतो रे. वर कुणीतरी लागतं." मग म्हणाले, "ठेवतो आता. एकट्यापुरता भात लावलाय, तोही करपणार."