नव्या रायपुरातून ताईच्या विहाराकडे

रायपूरला फिरायला म्हणून कोणी जात नाही. लोक तिथे उतरतात ते बस्तरची गाडी पकडायला. मीही गेले नसते, पण भाच्याचा, अमितचा, फोन आला. "मौसी, मम्मी आजकल बहुत चुप रहती है. बोलते-बोलते रुक जाती है. आप आ जाओ ना." अमितने डॉक्टरांना दाखवून झालं होतं, तपासण्यांत काही निघालं नव्हतं. माझी शोभाताई आणि गप्प? गाडी गोंदियाला पोचेपर्यंत अनोळखी बायकांच्या पोरींची लग्नं जमवणारी बाई ती. मी शाळेत रजा टाकली आणि नागपूरहून सकाळची गाडी धरली.

हा प्रवास दिवसाच करा आणि खिडकी मिळवा. डोंगरगड आलं की टेकडीवरचं देऊळ दिसतं. आमच्या डब्यातल्या निम्म्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या. समोरची दुर्गची बाई म्हणाली, "दीदी, हम तो हर नवरात्रि में पैदल आते हैं. माता का नाम लो तो घर में कोई नहीं रोकता." मी मान डोलावली. बायकांना देवधर्माला जुंपून ठेवलंय, हे माझं स्टाफरूममधलं आवडतं भाषण. मी स्वतः विहारात जाते ती जयंतीला आणि कोणाच्या लग्नाला. पण घरातून बाहेर पडायला हिला देवीची परवानगी लागते, याचं हसू यायच्या ऐवजी वाईटच वाटलं.

स्टेशनवर अमित गाडी घेऊन आला होता. तो मंत्रालयात नोकरीला आहे, म्हणून नव्या रायपूरच्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेतलाय. तेलीबांधा तलाव मागे पडला की शहराची दाटी विरळ होते आणि रस्ते रुंद व्हायला लागतात. पुढे इतके रुंद होतात, की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर आधी पलीकडे माणूस हवा. झाडं रांगेत, गोल चौक, दिवे सगळे चालू. राजधानी कशी असावी हे बघायला जरूर जा, फक्त स्वतःची गाडी ठेवा. बस आहे, पण थांब्यापर्यंत चालताना जीव जातो, आणि ऑटोवाला परतीचं भाडंही तुमच्याकडूनच घेतो.

अमितची बायको चार दिवस माहेरी गेली होती, ताईनेच दार उघडलं. "आली व?" म्हणाली, पाणी आणलं आणि समोर बसून राहिली. मीच बोलत होते. तीस वर्षं ती रेल्वे कॉलनीत राहिली. भाऊजी रिटायर झाले तरी मागच्याच गल्लीत भाड्याने घर घेतलं, कारण पाच मिनिटांवर विहार होतं. भाऊजी गेले आणि दीड वर्षापूर्वी अमितने तिला इकडे आणलं.

आणि पोराने काही कमी केलेलं नाही, हे आधी सांगते. फ्लॅटमधली एक अख्खी खोली त्याने आईच्या वंदनेसाठी सोडलीय. संगमरवरी बुद्धमूर्ती, पितळी मेणबत्तीदाण्या, नवी सतरंजी, भिंतीला स्पीकर. "मम्मी को अब कहीं जाने की जरूरत नहीं," तो मोठ्या हौसेने दाखवत होता. मी मनात म्हटलं, असा पोट्टा सगळ्यांना मिळो.

सकाळी त्याच खोलीतून ताईचा आवाज आला. दार अर्धवट उघडं होतं. विहारात जाताना नेसायची तशी पांढरी साडी नेसून ती एकटीच मूर्तीसमोर बसली होती. तिने त्रिशरणाची पहिली ओळ म्हटली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग दुसरी ओळ. पुन्हा शांतता. जी ओळ आम्हाला लहानपणी झोपेतही म्हणता यायची, ती तिला आठवू नये? अमितची शंका खरी होती, ताई विसरायला लागली होती. मी आवाज न करता मागे फिरले आणि गॅसवर चहा ठेवला.

शनिवारी तिला बाहेर काढलं. बूढापारा भागात सकाळी गरम पोहे आणि वर जिलेबी मिळते. एक प्लेट दोघींत घ्या, नाहीतर दुपारी जेवण जाणार नाही. तिथून पुरानी बस्तीत गेलो. गल्ल्या अरुंद, स्कूटर अंगावरून जातात, पण जुनी देवळं बघायची तर पायीच फिरा. एका देवळाच्या ओट्यावर सात-आठ बायका ढोलक घेऊन बसल्या होत्या. भजन संपलं होतं आणि कोणाच्या तरी सासूची नक्कल चालली होती. हसून हसून एकीचा पदर तोंडात.

ताई रस्त्यातच उभी राहिली.

"काय पाहून राहिली व?"

"बाया," ती म्हणाली. "आमच्याइथं बी असंच होये. वंदना झाली का तासभर कोणी उठे नाही."

"मग उद्या रविवारच हाय. जाऊ न."

"लांब पडते व. पोट्ट्याले सुटीचा एक दिवस भेटते, त्याले काहून पळवू?" पावसाळ्यापासून ती गेलीच नव्हती. पण परतताना तिने तेलीबांध्याजवळ मोगऱ्याचे दोन गजरे घेतले, आणि रात्री पांढऱ्या साडीला इस्त्री केली.

रविवारी अमित गाडीची किल्ली घेऊन तयार होता, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "मौसी, अगले संडे पक्का," तो ओशाळून म्हणाला. ताई लगेच चपला काढायला लागली. मी तिला दंडाला धरून लिफ्टमध्ये घातलं. ऑटो मिळायला अर्धा तास गेला. वाटेत ती गजरे सुकू नयेत म्हणून पदराखाली धरून होती.

पोचलो तेव्हा वंदना संपली होती. रेल्वे कॉलनीमागचं ते साधं पत्र्याचं विहार. बायका सतरंजी गुंडाळत होत्या. गजभियेकाकूंनी आधी पाहिलं. तीस वर्षं त्या ताईच्या शेजारी राहिल्या.

"अव शोभा! मेली का जित्ती हायेस?" असं म्हणत त्यांनी तिला मिठीच मारली. मग सगळ्या आल्या. "वाळली व तू." "सून जेवाले देते का नाई?" ताई हसत होती. मी आल्यापासून पहिल्यांदा तिचे दात दिसले.

गजभियेकाकूंनी सतरंजी पुन्हा अंथरली. "बसा व, अजून एकदा घेऊ. शोभा सांगन."

तेव्हा मला आठवलं. इथे वंदना ताईच सांगायची. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. ताईने फुलं वाहिली, हात जोडले आणि पहिली ओळ म्हटली. मागून बायकांचा आवाज आला, कोणाचा जाड, कोणाचा चिरका. सगळ्यांचं झाल्यावर भिंतीला टेकलेली एक म्हातारी आजी एकटीच शेवटचा शब्द पुरा करत होती. तिला दात नाहीत, ती नेहमी मागे राहते. ताई तिच्यासाठी थांबली. आजीचं झालं तेव्हाच दुसरी ओळ म्हटली.

त्या खोलीतली शांतता एवढीच लांब होती. ताई काही विसरली नव्हती. मी रडायला लागले, आणि ताईचा आवाजही तिसऱ्या ओळीवर फुटला. तरी तिने शेवटपर्यंत नेलं. "साधु, साधु, साधु" सगळ्यांनी मिळून म्हटलं.

मग तासभर कोणी उठलं नाही. चहा झाला, चिवडा झाला, एका सुनेची उणीदुणी काढून झाली. निघताना गजभियेकाकूंनी विचारलं, "आता येशीन न दर रविवारी?"

"हव," ताई म्हणाली. काकूंनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. त्या दोघी लहान नव्हत्या, दर रविवार जमायचा नाही हे दोघींनाही कळत होतं.

संध्याकाळी मी अमितशी बोलले. तो चिडला नाही, त्याला लागलं. "मौसी, पूरा कमरा दे दिया मैंने. और क्या करूँ?" त्याची नोकरी तिथे, आईला एकटीला जुन्या गल्लीत ठेवायला त्याचं मन धजत नाही. दर रविवारी गाडी सांगून ठेवतो म्हणाला. ताई म्हणाली, "राहू दे रे बापा. गाडी दारात उभी असली का माह्यं ध्यान घड्याळात राहते."

नागपूरला येऊन दोन महिने झाले. अमितने दोनदा तिला स्वतः नेऊन आणलं, मग मार्चची कामं लागली. स्टाफरूममध्ये परवा पुन्हा तोच विषय निघाला, बायका देवळात कशाला जातात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबा खात राहिले. विहारात ताई कोणाची आई नव्हती, कोणाची सासू नव्हती, आठ-दहा बायका तिच्या आवाजामागे चालायच्या. ते सुख संगमरवरात आणून देता येत नाही, आणि ते तिला कसं परत द्यावं हे मला कळत नाही.

म्हणून काल रविवारी सकाळी मी फोन लावला. "ताई, ओळ सांग. मी मागून म्हणते."

"तू?" ती हसली. "तुले येते का?"

"येते न व. सांग."

तिने पहिली ओळ म्हटली. मी म्हटली. मग काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला.

"ताई? माह्यी झाली. पुढची सांग न."

"थांब जराशी," ती हळूच म्हणाली. "आजीचं होऊ दे."