घसरणविरोधी साडू

या जगात देवावर विश्वास नसलेली माणसं पुष्कळ भेटतात, महानगरपालिकेवर विश्वास नसलेली त्याहून जास्त. पण पायाखालच्या जमिनीवरच विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं थोर की तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे एकाच सासूबाईंपुढे हजेरी लावणारे दोन उमेदवार. त्यातला थोरला मी, पुण्याचा. धाकटा हा, माझ्या मेहुणीचा नवरा, नागपूरचा. नोकरीनं आम्हा दोघांना बंगळुरात आणून टाकलं आणि सासूबाईंच्या आग्रहानं बेळ्ळंदूरच्या एकाच सोसायटीत, समोरासमोरच्या इमारतींत. "पोरी एकमेकींजवळ राहतील," असं त्यांचं म्हणणं. पोरी राहिल्याच, पण आम्हा दोघांचीही ऑफिसं इंदिरानगरला असल्यानं रोज सकाळी माझ्या गाडीत डावीकडच्या सीटवर जो येऊन बसायला लागला, तो मात्र साडू.

गाड्यांचे संगणक बनवणाऱ्या कंपनीत तो नोकरीला आहे. गाडीत संगणकाची कामं शेकड्यानं, पण याच्या वाट्याला आलेला तुकडा एकच: ट्रॅक्शन कंट्रोल. म्हणजे ओल्या किंवा चिखलाच्या रस्त्यावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं, तर गाडीनं स्वतःच शहाणपणा करून ते आवरायचं. एवढीशी गोष्ट, पण साडूनं उमेदीची सगळी वर्षं तिच्या पायी घातली, आणि त्याबरोबर आमच्याही डोक्याची बरीच. खरी गंमत पुढेच आहे. लाखो गाड्यांना घसरू न देणाऱ्या या गृहस्थाला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्यांच्या घरची गाडी मेहुणीची आणि चालवायचीही तीच. त्या गाडीत नवऱ्याच्या कंपनीचा संगणक आहे म्हणून तिनं मुद्दाम ती घेतली होती. हा शेजारी बसून रस्त्याचं परीक्षण करायचा.

परीक्षण म्हणजे अक्षरशः परीक्षण. जयनगरला चपला घ्यायला गेलो की हा आधी रंग बघत नाही, किंमत बघत नाही. चप्पल उलटी करून तळ बघतो. मग दुकानाच्या फरशीवर ती घासून बघतो. एकदा तर त्यानं दुकानदाराला, "स्वल्प नीर हाकी," म्हणजे फरशीवर थोडं पाणी ओता, असं सांगितलं. त्याला येणाऱ्या मोजक्या कन्नड वाक्यांपैकी ते एक. दुकानदार भला माणूस. त्यानं तांब्यातलं पाणी खरंच ओतलं. साडूनं चप्पल चढवून त्यावर दोन येरझाऱ्या घातल्या, मान हलवली, आणि चप्पल न घेता आम्ही बाहेर पडलो. मागून आलेली एक अक्का त्याच पाण्यावरून सरकली आणि शेल्फाला धरून कशीबशी सावरली. "बघा," साडू मला म्हणाला, "माझं म्हणणं बरोबर निघालं ना." रिक्षात बसला तरी तेच. वळणावर वळण आलं की हा पुढे वाकून रिक्षावाल्याला "हळू, हळू, मागचं चाक उचलून राहिलं," असं मराठीतच सांगायला लागतो. एका रिक्षावाल्यानं शेवटी रिक्षा कडेला घेतली, मागे वळला आणि हात जोडून म्हणाला, "सार, स्वल्प सुम्ने कूत्कोळ्ळी." म्हणजे साहेब, जरा गप्प बसा. मला कन्नड फारसं येत नाही, पण हे वाक्य मी त्या दिवशी पाठ करून ठेवलं.

गाडीत त्याचा विषय सुरू व्हायला निमित्त लागत नसे. सिग्नलला थांबलो की तो स्वतःचा पंजा माझ्यासमोर धरायचा. "भाऊ, टायर रस्त्याला किती टेकते? एक तळहात. चार चाकं म्हणजे चार तळहात. बस, एवढ्यावर आपण ऑफिसात जाऊन राहिलो!" त्या माहितीनंतर पुढचे दोन सिग्नल मला गाडी चालवावीशीच वाटायची नाही. मग तो इंजिनाकडे वळे. इंजिनाची ताकद दोन पुढच्या चाकांत वाटून द्यायला मध्ये एक यंत्र असतं. साडूच्या मते ते सज्जन पण अगदी भोळं. "ज्या चाकाला फिरायला सोपं, त्यालाच ते ताकद देत सुटते. एक चाक चिखलात, एक डांबरावर, तर सगळी ताकद चिखलवाल्याला! डांबरवालं बिचारं काम करायला तयार, पण त्याला कोणी विचारूनच नाही राहिलं."

"आमच्या ऑफिससारखंच," मी म्हटलं.

"तेच ना भाऊ! मग आमचा संगणक काय करते? प्रत्येक चाकापाशी सेन्सर असते, ते फेरे मोजून राहते. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त पळून राहिलं की समजायचं, हे काम नाही करून राहिलं, नुसतं फिरून राहिलं. त्याला हळूच ब्रेक लावायचा, इंजिनाला म्हणायचं, बाबा, जरा दमानं. की ताकद आपोआप दुसऱ्या चाकाकडे जाते."

"आणि दोन्ही चाकं चिखलात असली तर?"

साडूचा चेहरा एकदम उतरला. घरातलं दुखणं काढल्यासारखा आवाज लावून तो म्हणाला, "मग काय, भाऊ. पकड आपण नाही ना बनवू शकत. असेल तेवढी सांभाळायची." त्यानंतर ऑफिस येईपर्यंत तो बोलला नाही. मला जरा वाईट वाटलं, आणि शांतताही मिळाली.

सोसायटीत तर लोक त्याला टाळूनच असत. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकला. गाडीचं चित्र आणि खाली दोन वेड्यावाकड्या रेघा. काकांना वाटलं काहीतरी मोठं बिघडलंय. त्यांनी भीत भीत लिफ्टमध्ये साडूला विचारलं, ही त्यांची चूक. "बिघडलं? अहो काका, तो दिवा म्हणजे गाडी तुम्हाला वाचवून राहिली! तुम्ही घसरून राहिले होते, तिनं सांभाळलं!" असं म्हणून त्यानं लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं आणि चाक, सेन्सर, ब्रेक, सगळं पहिल्यापासून सांगितलं. गुडघ्यांच्या दुखण्यानं हैराण असलेले ते काका तेव्हापासून जिन्यानं जातात.

आणि अशा माणसाच्या घरात, त्याच्याच बाल्कनीत, त्याची बायको घसरून पडली. झाडांना पाणी यानंच घातलेलं. फरशीवर सांडलेलं पुसायचं राहिलं, कारण फोनवर कुणाला तरी तो ओल्या रस्त्याबद्दल समजावून सांगत होता. मेहुणी कुंडीजवळ बसकण मारून घोटा दोन्ही हातांनी धरून होती. मी धावत पोचलो तेव्हा डोळ्यांत पाणी आणून ती नवऱ्याला म्हणत होती, "अरे, तुझा कंट्रोल कुठे गेला रे?" तसल्या वेळीही मला हसू आलं. साडूला आलं नाही. पांढराफटक पडून तो त्या फरशीकडे बघत उभा होता.

घोटा मोडला होता. प्लास्टर घातलं, आणि ते निघाल्यावर फिजिओथेरपी नियमित झाली पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. एरवी ते मनावर घेतलं नसतं, पण मेहुणी कथक शिकवते. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये तिच्या शिष्यांच्या ततकारानं, म्हणजे पायांच्या ठोक्यांनी, दर शनिवारी खालची पार्किंग हादरत असते. "चालता येईल हो," डॉक्टर म्हणाले, "पण व्यायाम चुकवलात आणि घोटा आखडला, तर नाचता येईल असं मी सांगू शकत नाही." घरी आल्यावर पलंगावर पडल्या पडल्या मेहुणीनं एक पाय आपटून पाहिला, एकच, आणि भिंतीकडे तोंड केलं.

फिजिओथेरपीवाल्या बाई जयनगरला. बेळ्ळंदूरचं नाव ऐकलं की कॅबवाला येतो म्हणून सांगतो आणि मग फोन उचलत नाही. रिक्षात पाय सरळ राहत नाही. मी आणि बायकोनं आळीपाळीनं न्यायचं कबूल केलं, पण आम्हाला रोज सुट्टी कोण देणार? त्या आठवड्यात एका सकाळी गाडीत साडू एकदम म्हणाला, "भाऊ, मी गाडी शिकतो." मी ब्रेक लावला. मागच्यानं हॉर्न वाजवला. "हसू नका," तो म्हणाला. "मला भीती वाटते, हे तुम्हाला माहीत आहे ना? सगळं माहीत आहे मला, म्हणूनच वाटते. न माहीत असणारे बघा कसे बिनधास्त जाऊन राहिले." इतकी वर्षं शेजारी बसलेल्या या माणसाचं मला त्या क्षणी फार कौतुक वाटलं. मी हसलो नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर मात्र रोज कपाळावर हात मारून घ्यायचा. साडू अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायचा तो फुलावर ठेवल्यासारखा. गाडी दोनदा थरथरायची आणि बंद पडायची. "सार, दबाओ," मास्तर म्हणायचा, "काटेगा नहीं." परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टरनं गाडीत बसायला सांगितलं, तर हा आधी खाली वाकून मैदानाची माती हातानं चाचपायला लागला. इन्स्पेक्टरला वाटलं याचं काहीतरी पडलं. "सर, सरफेस देख रहा हूँ," साडूनं खुलासा केला. "सरफेस देखने का नहीं," इन्स्पेक्टर म्हणाला, "उसके ऊपर चलाने का." आणि नापास केलं. दुसऱ्या वेळी मेहुणीनं त्याला दम दिला होता की गाडीबाहेर हात काढायचा नाही. त्या वेळी तो पास झाला. पेढे घेऊन घरोघर फिरला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडायला बराच वेळ लावत होते.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी मी रजा काढून धीर द्यायला बरोबर गेलो. मेहुणी मागच्या सीटवर पाय पसरून, मी डावीकडे, साडू स्टिअरिंगवर. सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती. आमच्या तळघरातल्या पार्किंगमधून वर यायला जो रॅम्प आहे, तो बिल्डरनं का कोण जाणे, गुळगुळीत केलेला. त्यावर सगळ्या गाड्यांच्या चाकांचं पाणी आणि चिखल. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. मागे ऑफिसला निघालेल्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. साडूनं हँडब्रेक ओढला. कपाळावर घाम. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "तुम्ही घ्या."

मी दाराच्या कडीवर हात ठेवलाही होता. मागून मेहुणी म्हणाली, "जिजू, उतरू नका." मग नवऱ्याला, अगदी शांतपणे, "आज उशीर झाला तरी चालेल. पण तू आज उतरलास तर पुन्हा बसणार नाहीस, आणि मग माझा हा पाय असाच राहील. तुला माहितीये."

साडूनं गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर मनापासून दाबला. पुढचं चाक चरचरलं. डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडीला खालून लागोपाठ दोन-तीन हिसके बसले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही वर उन्हात होतो, वॉचमन सलाम करत होता, आणि साडू दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून पुढे बघत होता.

"हे, हे असं असते होय?" तो म्हणाला. कॉम्प्युटरवरच्या रेघांमध्ये त्यानं हे हजारदा पाहिलं होतं, पण स्वतःच्या पायाखाली कधी नाही. "गाडीला उचकी लागल्यासारखं झालं ना, भाऊ?"

"लागणारच," मागून मेहुणी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "कुणीतरी आठवण काढली असेल."

साडूनं गाडी कडेला घेतली, चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि आम्ही जयनगरला वेळेवर पोचलो. त्यानं एकही फेरी चुकवली नाही. घोटा मोकळा झाला. क्लब हाऊसमध्ये शनिवारचा ततकार पुन्हा सुरू झाला आणि खालच्या गाड्यांचे अलार्म पूर्वीसारखे वाजायला लागले. आता त्यांची गाडी साडूच चालवतो. उलट अधूनमधून मलाच ऑफिसात सोडतो, म्हणजे डावीकडच्या सीटवर आता मी असतो. चांगली चालवतो, अगदी इथल्यासारखी. परवा तर एका टँकरला हॉर्न मारून त्यानं बाजूला केलं.

फक्त एक झालं. तो बोलेनासा झाला. पंजा नाही, सेन्सर नाही, रिक्षावाल्याच्या चाकांबद्दल अवाक्षर नाही. गेल्या आठवड्यात पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर पाण्याचा पातळ थर, दोन सिग्नल मी वाट बघितली आणि शेवटी मीच विचारलं, "काय हो साडूभाऊ, अशा रस्त्यावर चाकाखाली नेमकं काय होतं?"

"काही नाही हो, भाऊ," तो गिअर बदलत म्हणाला. "गाडी बघून घेते."

गप्प बसायला कसं सांगायचं हे मी ज्याच्यासाठी कन्नडमध्ये पाठ केलं होतं, तो गप्प झाला होता, आणि मला मुळीच करमत नव्हतं. मग इंदिरानगर येईपर्यंत मीच सांगत बसलो, भोळ्या यंत्राचं, चिखलातल्या चाकाचं, डांबरावरच्या चाकाचं, बरंचसं चुकीचं. तो रस्त्याकडे बघत नुसतं हं हं म्हणत होता.