सोप्यावरची जागा

नाताळच्या आधीचा रविवार, सकाळ. चोपडे गावातलं, नदीकाठचं आमचं घर. हजर: आई, भाऊ, वहिनी, मी, आणि पुढच्या खोलीत भाड्याने उतरलेलं एक जोडपं.

मी कारापूरहून, सासरहून आले होते. आईची खाट मागे, जळण ठेवायच्या खोलीत हलवलेली. भाऊ म्हणाला, "फुडे पावण्यांची ये-जा. तिकाच त्रास."

मी आईला हात धरून पुढे आणलं. दाराबाहेरच्या सिमेंटच्या सोप्यावर, बसायच्या कट्ट्यावर बसवलं. ती तिची जागा. मासळी विकून आली की टोपली उतरवून ती तिथेच टेकायची. समोर नदी. वाटेने जाणारा प्रत्येक जण हाक मारायचा.

पाहुणी बाई मोबाईल घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "इन्हें पीछे बिठा दो. फोटो में आ रही हैं."

भाऊ "हां मॅडम" म्हणत पुढे झाला. त्याच्या आधी आई उठली. बाईला म्हणाली, "सॉरी."

आईला इंग्रजी येत नाही. हा एकच शब्द येतो. तो कुठे शिकली, ते मला तेव्हा कळलं.

मी मध्ये उभी राहिले. "ये घर इनका है. आप हटिए."

बाईने भावाकडे पाहिलं. "आपकी मेड बहुत बोलती है."

ही माझी बहीण, एवढंही त्याला म्हणता आलं नाही. बाई आत गेल्यावर मलाच म्हणाला, "बाय, माझ्या पोटार पाय दिव नको."

आमच्या घरात आईला कोणी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. आधी जागा गेली. मग खोकला पाहुण्यांना ऐकू जातो म्हणून दार बंद. दार बंद म्हणून वाटेवरच्या हाका बंद. हाका नाहीत म्हणून ती बोलेना. ती बोलेना म्हणून वहिनी ताट ठेवून निघून जायची. "तिका आता कायच कळणा नाय." आबाळ अशी होते. काळजीच्या नावाखाली, एकेक दार लावत.

घर आईच्या नावावर आहे. पाहुणे गेले त्या संध्याकाळी भावाला सांगितलं, "आजपासून आये फुडे. भाड्याक मागची खोली दी."

तो भडकला. "जळणाच्या खोलयेत कोण रवतलो?"

"आये रवली मा?"



खाट मी स्वतः पुढे आणली. शेजारच्या काकीला सांगितलं, येता-जाता हाक मार. ती मारते. दर रविवारी मी जाते.

आई उंबरठ्यापर्यंत येते. सोप्याकडे बघते. दाराआडून विचारते, "पावणे गेले काय गो?"

"गेले गे आये. कोण नाय."

ती कान देऊन ऐकते. मग मागे वळते. खाटेवर जाऊन बसते.

कारापूरला घर भरलेलं असतं, सगळे बोलत असतात, आणि मधेच मला तो प्रश्न ऐकू येतो. हातातलं काम थांबतं.

ती बाहेर बसेपर्यंत त्या घरात एकही पाहुणा उतरणार नाही. मग भाऊ माझ्याशी बोलो, न बोलो.

खाट झाली. खोली झाली. काकी झाली. आईला सोप्यावर बसवायचं राहिलं आहे.