चाकंच फिरत नव्हते

शहापूरला हायवेलगत टिकारामचं गॅरेज आहे. ट्रक असो की जीप, तो फक्त मागचं हौसिंग उघडतो. इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारी आतली दातेरी चक्रं तपासायची, एवढंच त्याचं काम. दुसरं काही शिकावंसं त्याला वाटलंच नाही.

त्याचे वडील गोमाजी तुमसरच्या एका मिलमालकाची जुनी विलायती मोटार चालवत. एका दुपारी बाळंतपणात अडलेल्या मालकीणबाईंना, सीताबाईंना, सिहोऱ्याहून दवाखान्यात नेताना मोटार वाटेतच थांबली. बाई गाडीतच गेल्या, ड्रायव्हर प्यायला होता, असं मालकानं सगळ्यांना सांगितलं आणि मोटार गोदामात कोंडली. म्हातारपणी गोमाजी जेवता जेवता थांबत. म्हणत, "इंजिन चालू होतं रे. चाकंच फिरत नव्हते." मग कुणीतरी कण्हत असल्यासारखे कान देऊन बसत.

ते वारल्यावर मागच्या हिवाळ्यात मालकाचा नातू वीरेंद्र तीच मोटार टेम्पोवर लादून घेऊन आला. त्याला ती पोराच्या वरातीत काढायची होती. टिकारामनं मोटार ओळखली, पण बोलला नाही.

हौसिंगमध्ये तेल डांबरासारखं थिजलं होतं. त्यात बोटं घातली तर चक्राचे तुटलेले दात हाताला लागले. एकेक दात रॉकेलमध्ये धुऊन त्यानं उन्हात धरला. तुटलेली कड निम्मी काळी होती, निम्मी करडी.

"काळं दिसते तेवढा तडा आधीचाच होता," तो वीरेंद्रला म्हणाला. "त्या दिवशी पुरा तुटला. यात कोणाचाच दोष नाही. गोमाजी माहे बाबा होते."

वीरेंद्रनं दात रुमालात बांधून घेतले. ते दात त्यानं घरी आत्याला, मंगलाबाईंना दाखवले. त्या सीताबाईंच्या लेक. त्या दुपारी मोटारीत आईच्या पायाशी बसलेल्या. दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः गॅरेजात आल्या.

"माही माय गाडीत नाही गेली," त्या म्हणाल्या. "तुह्या बापानं तिले पाठीवर घेतलं अन् चालत निघाला. ती कण्हत होती, त्याच्या कानाशीच. मंग चूप झाली. तरी तो चालतच होता."

"मंग हे कोणाले सांगितलं काहून नाही?"

"ड्रायव्हरनं बायकोले हात लावला, हे माह्या बाबाले लोकाईले कळू द्यायचं नव्हतं. मले म्हणे, तू चूप राय."

नवीन चक्रं बसली, वरात निघाली. टिकारामला आमंत्रण होतं, तो गेला नाही. आता कधी कधी वाकून काम करताना त्याच्या पाठीवर ओझं येतं, मानेला ऊन ऊन श्वास लागतो. तो पाना खाली ठेवतो आणि हायवेच्या कडेनं, पाठ न हलवता, हळूहळू चालत जातो.