शुभाचा अकरावा पेढा

प्लास्टिक मी आयुष्यात एकदाच खाल्लं, आणि तेही चारचौघांत, भाषण करता करता.

माझी लेक वैशाली फूड टेक्नॉलॉजी शिकली. साबुदाण्याच्या खळीत लवंगेचं तेल घालून तिने एक पातळ, पारदर्शक कागद तयार केला. त्यात पेढा गुंडाळायचा आणि कागदासकट खायचा. तेलामुळे पेढ्याला बुरशीही लवकर धरत नाही. मलकापूरच्या एका मिठाईवाल्या शेठनी नमुने दाखवायला बोलावलं. त्यांना पटलं तर तिची पहिली ऑर्डर. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती.

निघताना मी डबा उघडून पाहिला. पेढे दहा! शुभकामाला दहा कोणी नेतं का? (मी तीस वर्षं भूगोल शिकवला, पण एवढं शास्त्र मलाही कळतं.) तिचा कागद संपला होता. मी नव्या शर्टाच्या पिशवीचा तुकडा कापला, त्यात अकरावा पेढा गुंडाळला आणि मधोमध मानाने ठेवला. बसमध्ये तिला सांगू म्हटलं, तर बसमध्ये झोप लागली.

शेठनी एक पेढा हातात फिरवला. "गुरुजी, हे पोटात जाऊन काही करन तर नाही नं?"

वैशाली उत्तर देणार, तोच मी उभा राहिलो. चार माणसं समोर दिसली की मला राहवत नाही. हात गेला तो नेमका मधल्या पेढ्यावर.

"पाहा शेठ, जिभेवर ठेवला की विरघळते."

पेढा विरघळला. कागद जागेवरच. तेव्हा मला अकरावा पेढा आठवला!

मी चावत राहिलो, बोलत राहिलो. लवंगेचे गुण झाले, साबुदाण्याचे झाले. एवढ्यात शेठचा पेढा खाऊन संपला.

"गुरुजी, तुमचा काऊन सरून नाही राह्यला?"

"चव घेऊन राह्यलो."

लेकीसाठी गिळूनच टाकू म्हटलं, तर तो घशाशी अडकला. डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा, तोंड उघडा," वैशाली म्हणाली. सगळ्या दुकानासमोर मी आ केला. तिने दोन बोटांनी तुकडा ओढून काढला. एका कोपऱ्यात शर्टाचा साइज छापलेला होता, बेचाळीस. एक अक्षरही पुसलं नव्हतं.

तिचा चेहरा पडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "शेठ, चूक माही हाय," मी म्हणालो. "पोरीचा कागद खरा हाय. हा एक मी घातला, अकरा कराले."

शेठनी तो तुकडा उचलून उजेडात धरला.

"पोरी, तुह्या बापानं एवढं चावलं तरी हे जसंच्या तसं निघालं. अन् आमी रोज लोकायले यातच बांधून देतो." मग त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी. "दिवाळीचे पेढे तुह्या कागदात दे."

आता वैशाली जिथे नमुने दाखवायला जाते, तिथे मला आवर्जून नेते. गुरुजी म्हणून नाही, वडील म्हणूनही नाही. दुकानदाराला ती सरळ सांगते, "हे माझे बाबा. यांनी दोन्ही खाऊन पाह्यलंय."