दिवेआगरच्या पुढे

निवृत्त झाल्यावर यांनी पहिली वस्तू आणली ती चालायचे बूट. आमची चौलला नारळी-पोफळीची वाडी आहे. मी शाळेत शिकवत होते, हे कचेरीत होते. जन्मभर दोघंही एसटीच्या वेळापत्रकावर जगलो. चौलहून हरिहरेश्वरला किनाऱ्याकिनाऱ्यानं पायी जायचं, हे यांच्या मनात फार जुनं होतं. मुलींनी फोनवरून विरोध केला. गाडीनं अर्ध्या दिवसात होतं ते चालत कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला चालायची हौस नव्हती. पण ते एकटे जाणार आणि मी घरात बसून त्यांच्या फोनची वाट बघणार, हे नको वाटलं. म्हणून निघाले.

खरं तर मार्गशीर्षात जायचं ठरलं होतं. मग भाच्याचं लग्न निघालं, मग माझा खोकला. असं करता करता शिमगा होऊन गेला आणि ऊन चढायला लागलं. हे म्हणाले, आता नाही गेलो तर जाणार नाही.

पहिल्या दिवशी काशीदपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी बोलायचे थांबले. मला वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं. सकाळी ओल्या वाळूवरून चालायचं, कातळ आला की सावकाश, दुपारी कुणाच्या तरी पडवीत टेकायचं. राजपुरीहून लाँचनं दिघीला उतरलो तेव्हा तिथला चहावाला म्हणाला, या वयात कशाला हे? यांनी सांगितलं की याच वयात वेळ आहे. घरी आम्ही इतकं बोलत नसू. घरात समोरासमोर असतो, आणि समोरासमोर बोलायला काही तरी काम लागतं. चालताना दोघांचीही नजर पुढे असते. त्यानं सोपं होतं.

दिवेआगरला पोचलो त्या संध्याकाळी आम्ही सुरूच्या झाडांपाशी बसलो होतो. यांनी बूट काढून ठेवले होते. समुद्राकडे बघतच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"वाडीच्या पश्चिमेच्या कुंपणाशी उंडी आहे ना," ते म्हणाले, "तिच्या मुळाशी आहे तो."

तो म्हणजे आमचा पहिला मुलगा. मुलींच्या आधीचा. त्याचं बारसंही झालं नव्हतं. मी तापात होते, शुद्ध धड नव्हती. घरातली पुरुषमाणसं त्याला घेऊन गेली आणि परत येऊन आंघोळी केल्या. कुठं ठेवला हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या काळी घरात असं विचारत नसत. मग विचारायचं राहूनच गेलं.

"मी सांगणार होतो. आई म्हणाली, तिला सांगू नकोस, ती तिथंच जाऊन बसेल."

मी नुसतं हं म्हटलं. त्या झाडाच्या उंड्या मी वर्षानुवर्षं वेचल्या होत्या, तेल काढायला. तेवढंच डोक्यात आलं. रडू आलं नाही. पाठीवरची पिशवी खाली ठेवल्यावर खांदे जरा वेळ वर उचलल्यासारखे वाटतात, तसं काहीतरी झालं. मग खानावळीत जाऊन आम्ही मोदक खाल्ले आणि दोघांनाही गाढ झोप लागली.

गाढ झोपेमुळेच सकाळी उशीर झाला. त्या दिवशी श्रीवर्धन गाठायचं होतं. वर डांबरी रस्ता होता, पण हे म्हणाले, रस्त्यानं काय कुणीही जातं. खालून कातळावरून निघालो. वारा पडला होता. हवा अशी दमट की श्वास घेताना ओलं फडकं तोंडावर धरल्यासारखं वाटत होतं. पाणी आमच्याकडे होतं, पण हे पुढे पोचून पिऊ म्हणत राहिले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझा ब्लाउज चिंब झालाय आणि यांचा शर्ट कोरडा आहे. त्यांचे पाय वाकडे पडायला लागले होते. मी हात धरला तर तो तापलेल्या तव्यासारखा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, गुरांना पाणी दाखवलंस का?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती जाऊन किती वर्षं झाली. मी त्यांना कातळाच्या अरुंद सावलीत बसवलं, तर ते बसता बसता आडवेच झाले. फोनला रेंज नव्हती. मी पंचा समुद्रात बुडवून त्यांच्या छातीवर पिळत होते. लोक विचारतात, घाबरला असाल ना? मला भीती वाटल्याचं आठवत नाही. पंचा बुडवायचा, पिळायचा, एवढंच दिसत होतं. ते माझे कुणी नसते, तरी त्या वेळी मी तेवढंच केलं असतं.

थोडं पुढे एक बाई कालवं फोडत बसली होती. मी हाक मारली तशी ती कातळावरून झपझप आली. तिनं यांच्याकडे पाहिलं, लुगड्याचा पदर सोडून त्यांच्या डोक्यावर सावली धरली आणि माझ्या हातातला पंचा घेतला.

"तू वर रस्त्याला जा बाय," ती म्हणाली. "मी हाय."

मी गेले. मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहायचं सुचलंच नाही. चढ सगळा करवंदीच्या जाळ्यांचा होता, हातपाय ओरबाडले ते नंतर दवाखान्यात दिसले. रस्त्यावर आल्यावर पहिला थांबला तो मासळीचा टेम्पो. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार खाली उतरले आणि यांना चादरीत घालून वर घेऊन आले. मागे बर्फात बोंबील आणि कोळंबी होती. ड्रायव्हरनं काही न विचारता फावड्यानं बर्फ यांच्या अंगाभोवती ओढला. श्रीवर्धनपर्यंत मी त्या बर्फात यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. माझे पाय बधिर झाले. ते अजूनही पुरते जागे झालेत असं मला वाटत नाही, जरी डॉक्टर म्हणतात पायांना काही झालेलं नाही.

उष्माघात होता. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही घात केला असेल, असं डॉक्टर म्हणाले. बर्फ मिळाला नसता तर अवघड होतं. पुढे मुंबईला हलवलं, बरेच दिवस काढले. हे वाचले. बोलणं जरा जड झालं, चालताना तोल जातो, काठी लागते. आणि मुरूडनंतरचं त्यांना काही आठवत नाही. लाँच नाही, दिवेआगर नाही.

घरी आलो त्या दुपारी मी उंडीपाशी जाऊन उभी राहिले. आता तरी काही होईल असं वाटलं होतं. खाली पाचोळा होता, उंड्या पडल्या होत्या. मुंग्या चालल्या होत्या. मी परत येऊन भाताला आधण ठेवलं. पुढेही तसंच चाललं. मुली आल्या, रडल्या, गेल्या. शेजारणी म्हणाल्या, तुझी कमाल आहे. मी सगळ्यांना चहा केला. वेचलेल्या नव्हत्या म्हणून त्या वर्षी उंड्या पावसात कुजल्या.

एकदा ओसरीवर बसलेले असताना यांनी विचारलं, आपण कुठपर्यंत गेलो होतो? मी त्यांना सगळी वाट सांगितली, जशी शाळेत नकाशावर सांगायचे तशी. दिवेआगरला आल्यावर थांबले. मग तेही सांगितलं.

त्यांनी मांडीवरची काठी बाजूला ठेवली.

"मी सांगितलं तुला?"

"हो."

"कुठं आहे ते?"

"उंडीच्या मुळाशी."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "मला वाटत होतं अजून सांगायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन वाडीत उतरले. मी मागच्या दारात उभी होते. सोबत जावं असं मनात आलं, पण गेले नाही. पोफळींमधल्या पाटाच्या कडेनं ते सावकाश पश्चिमेच्या कुंपणाकडे गेले. डावा पाय आता बरा उचलत होते. झाडाशी उभे राहिले, किती वेळ ते मी मोजलं नाही. परत आले तेव्हा धोतराच्या काठाला कुसळं चिकटली होती. ती वेचत ते म्हणाले, नारळ फार झालेत, पाडेली कधी येणार?

मी म्हटलं, मंगळवारी.